यंदाची मॅच

"आवडती मॅच वर्षाची नसते. आयुष्याची असते," भावोजी म्हणाले आणि पानाचा डबा पुढ्यात ओढला. प्रश्न खरं तर त्यांना नव्हताच, मला होता. २०२५ च्या डिसेंबरचा शेवटचा आठवडा, भाचा सुट्टीवर आलेला, आणि त्यानं सहज विचारलं होतं, "मामा, यंदाची तुमची आवडती मॅच कुठली?" मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात हे वाक्य मध्ये आलं.

मला त्याचा राग आला, आणि रागाचं कारण जरा विचित्र होतं. मीही नेमकं तेच म्हणणार होतो. पण आपलंच मत दुसऱ्यानं आपल्याआधी, तेही सुपारी कातरता कातरता, इतक्या बिनघोरपणे मांडलं की त्यात काहीतरी खोट असणार असं मला वाटू लागतं. सवय चांगली नाही. पण आजवर जो काही विचार केला, त्यातला बराचसा या सवयीपोटीच केला आहे.

मॅच म्हणजे स्नूकरची, हे सांगून ठेवायला हवं. सापगावात मॅच म्हटलं की कबड्डी, नाहीतर भातकापणी झाल्यावर मोकळ्या शेतात सुरू होणारं टेनिस बॉलचं क्रिकेट. शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यावरच्या, भातसा नदीकाठच्या या गावात स्नूकरवरून हमरीतुमरीवर येणारी माणसं आमच्या ओटीबाहेर सापडायची नाहीत. हा खेळ आमच्या घरात आला तो भावोजींबरोबर. ते मुंबईतल्या एका जिमखान्यात मार्कर होते. मार्कर म्हणजे गुण पुकारणारा, पॉकेटमध्ये गेलेला रंगीत बॉल काढून पुन्हा जागेवर ठेवणारा, सभासदाच्या हातात रेस्ट, म्हणजे लांबच्या फटक्याला क्यू टेकवायची काठी, देणारा, त्याचा जोडीदार आला नाही तर त्याच्याशी खेळणारा आणि बहुधा त्याच्यापेक्षा चांगला खेळणारा माणूस. सभासदाला संशय येऊ न देता हरणं हाही नोकरीचाच भाग होता, असं भावोजी सांगतात. खोली रात्री उशिरा बंद व्हायची, म्हणून आठवडाभर गाववाल्यांच्या खोलीवर मुक्काम आणि सुट्टीला आसनगावची गाडी, यात त्यांची उभी नोकरी गेली. पंधरा लाल, सहा रंगीत, सगळ्यांत शेवटी काळा, एका फ्रेममध्ये (म्हणजे डावात) सगळं जमून आलं तर १४७, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. ज्यांना नाही त्यांचं पुढं काही अडणार नाही.

तर माझं मत. ‘वर्षातली आवडती मॅच’ ही हिशेबनिसाची कल्पना आहे, खेळ बघणाऱ्याची नव्हे. व्यावसायिक स्नूकरचा हंगाम उन्हाळ्यात सुरू होतो आणि पुढच्या मे महिन्यातल्या पहिल्या सोमवारी शेफील्डच्या क्रूसिबल थिएटरात संपतो. ३१ डिसेंबरला त्याच्या ऐन मध्यावर सुरी फिरते. आणि आपल्याकडे वर्षांना काय तोटा? पाडव्याचं वेगळं, वहीपूजनाचं वेगळं, ३१ मार्चचं वेगळं, शाळेचं जूनपासून, शेतकऱ्याचं पहिल्या पावसापासून. यातलं कुठलं धरून मॅच मोजायची?

शिवाय माझा एक जुना, लाडका भेद आहे. जिथं जमेल तिथं मी तो वापरतो. काही मॅच लक्षात राहतात, काही आपण लक्षात ठेवतो. पहिल्या जातीची मॅच आपली परवानगी घेत नाही. तिचा स्कोअर आठवत नसतो, कधी खेळाडूचं नावही आठवत नसतं, पण हिरव्या कापडावर एक बॉल कसा वळला होता तेवढं आठवतं. दुसऱ्या जातीची मॅच लग्नात आलेल्या स्टीलच्या डब्यांसारखी असते, वापरात नसते पण माळ्यावरून खाली काढून कुणाला देऊनही टाकवत नाही. लोक थोर म्हणतात म्हणून आपण थोर म्हणतो. वर्षअखेरच्या याद्यांमध्ये मला बहुतेक ही डब्यांची उतरंड दिसते.

भाच्याची यादी तयार होती. तो आकड्यांचा माणूस. जानेवारीतली मास्टर्स, शॉन मर्फीनं कायरन विल्सनला १०-७ नं हरवलं. मे महिन्यात झाओ शिनटाँगनं पन्नाशीच्या मार्क विल्यम्सला १८-१२ नं हरवून चीनला पहिलं विश्वविजेतेपद मिळवून दिलं. आणि पहिल्या क्रमांकावर ऑगस्टमधली जेद्दाची उपांत्य फेरी, जिथं रॉनी ओ'सलिव्हननं क्रिस वेकलिनविरुद्ध एकाच सामन्यात दोन वेळा १४७ केले, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी. पुढं अंतिम सामना तो नील रॉबर्टसनकडून ९-१० नं हरला, पण भाच्याला त्याचं फारसं काही नव्हतं. १४७ च्या पुढं सहसा आकडाच नाही, मग अशा दोन फ्रेम ज्या मॅचमध्ये आल्या ती वर्षातली सर्वांत चांगली, इतका सरळ त्याचा हिशेब.

मी विचारलं, "त्या दोन फ्रेममध्ये वेकलिननं काय केलं?"

"काय करणार? बसला होता."

इथं मला जरा थांबायचं आहे, कारण स्नूकरमधली ही खुर्ची मला खेळाइतकीच महत्त्वाची वाटते. दुसरा कुठला खेळ आपल्या खेळाडूला इतका वेळ नुसता बसवून ठेवतो? कबड्डीतही बाद झालेला बाहेर बसतो, पण त्याचे साथीदार आत झगडत असतात आणि त्यांनी गडी टिपला की तो उठून आत धावतो. स्नूकरच्या खुर्चीतल्याला साथीदार नाही. त्याला उठवू शकणारा एकच माणूस, आणि तो त्याचा प्रतिस्पर्धी. प्रतिस्पर्धी चुकेल तेव्हाच याची पाळी. तोवर पाण्याचा घोट घ्यायचा, क्यू आडवा मांडीवर घ्यायचा, टॉवेलनं पुसायचा, आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, कारण कॅमेरा नेमका तेव्हाच वळतो. आपल्या पराभवाचं सगळ्यांत जवळचं तिकीट त्याला फुकट मिळतं. त्या दिवशी जेद्दात दोन्ही १४७ पहिल्या रांगेच्याही अलीकडून पाहणारा माणूस वेकलिन होता. त्याला कुणी यंदाची आवडती मॅच विचारली असेल का?

"बसलेल्याचं काय कौतुक?" भावोजी म्हणाले. "ती मॅचच नव्हे. शेवटच्या काळ्यावर आली नाही ती मॅच नव्हे. ती नुसती हजेरी."

हे त्यांचं दुसरं वाक्य, आणि इथं मात्र माझं त्यांच्याशी पटेना. त्यांच्या मनात कुठली मॅच आहे हे सांगावं लागत नाही. स्नूकर बघणाऱ्या कुणाच्याही मनात तीच असते. एप्रिल १९८५, शेफील्ड, स्टीव्ह डेव्हिस आणि डेनिस टेलर. टेलर सुरुवातीला ०-८ नं मागे पडला, हळूहळू १७-१७ पर्यंत आला, आणि शेवटच्या फ्रेममध्ये टेबलावर काळा तेवढा उरला. दोघंही त्यावर चुकले. अख्ख्या सामन्यात टेलर एकदाही पुढं नव्हता, तो पुढं गेला काळा पॉकेटमध्ये पडला तेव्हाच. ब्रिटनमध्ये मध्यरात्र उलटून गेली होती आणि १ कोटी ८५ लाख माणसं टीव्हीपुढं जागी होती. चाळीस वर्षं झाली, या एका काळ्या बॉलनं स्नूकरच्या प्रत्येक चांगल्या मॅचला दुसऱ्या क्रमांकावर बसवून ठेवलं आहे.

मी म्हणालो, भावोजी, मे महिन्याच्या सुरुवातीला आपण दोघंच जागत बसलो होतो ते आठवतं? तिकडं संध्याकाळचे सात म्हणजे इथं साडेअकरा. जागतिक स्पर्धेची उपांत्य फेरी, झाओ आणि ओ'सलिव्हन. सात वेळचा विश्वविजेता एका बाजूला. दुसऱ्या बाजूला वीस महिन्यांची बंदी भोगून आलेला, त्या घडीला हौशी म्हणून नोंदलेला, पात्रता फेरीच्या चार मॅच जिंकून मुख्य स्पर्धेत पोचलेला डावखुरा पोरगा. १७-७. चार सत्रांची मॅच तीन सत्रांतच आटोपली. तुमच्या मापानं ती हजेरी. पण चुरशीच्या मॅचमध्ये आपण एकच गोष्ट विचारत असतो, कोण जिंकणार? एकतर्फी मॅचमध्ये तो प्रश्न लवकर मिटतो, मग डोळे मोकळे होतात आणि दुसरंच काहीतरी दिसायला लागतं. हरणारा माणूस हे कसं घेतोय? जिंकणाऱ्याला घाई झाली आहे का? कुणाचा हात जड होतोय? काळ्याच्या चुरशीत हे कुणाला दिसतं? तिथं आपण बॉलकडं बघत असतो, माणसाकडं नाही.

भावोजींनी चुना लावून पान दुमडलं, एवढंच.

मग मी २०१३ काढलं. दिल्लीतली इंडियन ओपन, भारतात झालेली पहिली रँकिंग स्पर्धा. मुंबईचा आदित्य मेहता उपांत्य फेरीत स्टीफन मॅग्वायरला ४-३ नं हरवून अंतिम फेरीत गेला, आणि तिथं डिंग जुनहुईनं त्याला ५-० नं धुतलं. भावोजींच्या नियमानं उपांत्य फेरी ही मॅच आणि अंतिम फेरी ही हजेरी. पण रँकिंग स्पर्धेच्या अंतिम फेरीत उतरलेला तो पहिला भारतीय. त्या पाच फ्रेममध्ये आपल्यातला एकजण त्या खुर्चीत बसला होता. ती हजेरी असेल तर असली हजेरी आपल्या वाट्याला अजून चार-दोनदा आली असती तरी चाललं असतं. २०१५ च्या मार्चमध्ये हीच स्पर्धा मुंबईत झाली, मायकेल व्हाइटनं रिकी वॉल्डनला हरवलं, पुन्हा ५-०. एका सभासदाच्या कृपेनं भावोजी ती बघून आले होते. त्यांना विचारलं, काय आठवतं? म्हणाले, "टेबल. खालून गरम केलेलं. पावसाळ्यातसुद्धा इस्त्री लागायची नाही असलं कापड. बॉल नुसता सोडला की पळत होता." स्कोअर मी सांगितल्यावर त्यांना कळला. मी मनातल्या मनात माझ्या भेदाच्या पहिल्या खान्यात एक खूण केली. ही मॅच भावोजींच्या लक्षात राहिलेली आहे आणि त्यात शेवटचा काळा नाही.

आता घाव घालायची वेळ आली असं मला वाटलं. "आणि ती १९८५ ची मॅच? ती तुम्ही पाहिली होतीत?"

पाहिली नव्हती. कुठून पाहणार? इथं तेव्हा पहाटेचे पाच वाजायला आले असतील. एक सभासद लंडनहून आला, त्यानं दुपारी रिकाम्या टेबलावर शेवटच्या फ्रेमचा शेवट मांडून दाखवला. काळा इथं, पांढरा इथं, डेव्हिस इथून चुकला, टेलरनं असा घेतला. भावोजींनी स्वतः बॉल ठेवले होते.

"म्हणजे ती लक्षात राहिलेली नाही, ठेवलेली!" मी म्हणालो. आवाज जरा चढलाच असावा, कारण ताईनं स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं.

भावोजी शांतपणे म्हणाले, "शिवाजीमहाराज आग्र्याहून सुटले, ते तू पाहिलंस?"

याला उत्तर नव्हतं. निदान मला तरी सुचलं नाही, म्हणून मी जबलपूरला गेलो.

हा खेळच जबलपूरचा. १८७५ चा पावसाळा, लष्करी अधिकाऱ्यांची मेस, बाहेर धो धो पाऊस आणि आत करायला काही नाही. डेव्हनशायर रेजिमेंटमधल्या नेव्हिल चेंबरलेन नावाच्या कोवळ्या अधिकाऱ्यानं (पुढं पंतप्रधान झाला तो हा नव्हे) तेव्हाच्या प्रचलित खेळात आणखी रंगीत बॉल घातले आणि स्नूकर झालं. पुढं उटीच्या क्लबात नियम ठरले. यंदा या गोष्टीला दीडशे वर्षं झाली. दीडशे वर्षांपूर्वी पाऊस जरा कमी पडला असता तर आज आमच्या ओटीवर हे भांडण नसतं, असं मी भाच्याला म्हणालो. तो हसला नाही. त्याच्या पिढीला पावसात करायला पुष्कळ असतं.

पण मला त्यात मजा वाटते ती पुढच्या भागाची. ही हकीकत जगापुढं नीट आली ती १९३८ मध्ये. स्नूकर कुणी काढलं याबद्दल काहीबाही दावे चालले होते, तेव्हा ऐंशी उलटलेल्या चेंबरलेननं ‘द फील्ड’ या नियतकालिकाला पत्र लिहून सांगितलं की बाबांनो, तो मी. त्याच्या काळच्या इतर काही अधिकाऱ्यांनी पुढं दुजोरा दिला. म्हणजे साठाहून अधिक वर्षांनी एका म्हाताऱ्यानं पावसाळ्यातली एक दुपार आठवली, आणि आज आपण खेळाचा जन्मदाखला म्हणून जो दाखवतो तो त्या आठवणीचा कागद आहे. त्या मेसमधला पहिला डाव कोण जिंकलं? शेवटच्या काळ्यावर गेला का? कुणालाच सांगता येणार नाही.

पावसाचं नाव निघालं आणि भावोजी जरा सैल झाले. "पावसातलीच म्हणशील तर..." असं म्हणून त्यांनी जे सांगितलं ते मी तोवर ऐकलं नव्हतं. भाच्यानंही नाही.

मुंबईच्या पावसाळ्यात टेबल आजारी पडतं. खाली स्लेटचा दगड, वर लोकरीचं कापड. कापड ओल धरतं, बॉल जड होतो, चार फूट जायचा तिथं तीनच फूट जातो. म्हणून दुपारी सभासद यायच्या आत मार्करनं टेबलावर ब्रश मारायचा, बॉक कुशनकडून काळ्या बॉलच्या टोकाकडं, एकाच दिशेनं, उलटा कधीच नाही, कारण कापडाची लव त्या दिशेची. मग त्याच दिशेनं इस्त्री. इस्त्री आधी वर्तमानपत्रावर फिरवून बघायची. कागदाचा रंग बदलला तर थांबायचं, कापड कागदापेक्षा महाग. त्या दिवशी अर्धं टेबल झालं आणि वीज गेली. आली तोवर दोन सभासद क्यू घेऊन उभे. अर्धं टेबल पळणारं, अर्धं रेंगाळणारं. दोघांनाही हे सांगावं असं भावोजींना वाटलं, पण आपल्या कामाची अर्धवटी आपण होऊन कोण सांगतो?

फ्रेम काळ्यावर आली. पहिल्यानं मारला तो बिनइस्त्रीच्या अर्ध्यात, आणि काळा कोपऱ्यातल्या पॉकेटच्या ओठावर येऊन थांबला. पहिला हात झटकत खुर्चीत जाऊन बसला. दुसरा उठला, क्यूला खडू लावायला लागला, आणि टेबलाला कुणी हातही लावलेला नसताना काळा आपणहून आत पडला. खुर्चीतला उभा राहिला, "पडला! पडला!" पण नियम स्पष्ट आहे. ओठावर थांबलेला बॉल कुणाच्या फटक्याशिवाय पडला तर तो काढून होता तिथं परत ठेवायचा. भावोजींनी हात घालून काळा काढला आणि ओठावर ठेवला. "ठेवताना तो पुन्हा पडला असता तर?" एवढीच भीती. बोटं हळूच सोडली. राहिला. दुसऱ्यानं नुसतं टेकवून तो आत घातला आणि जिंकला. हरलेला सभासद पुढं कित्येक महिने त्यांच्याकडून रेस्ट घेत नव्हता, हात लांब करून स्वतः उचलायचा.

"कुठल्या साली?" भाच्यानं विचारलं.

"तू झालास त्या साली. श्रावणात. निरोप आला होता आणि रजा मिळाली नव्हती."

आता बघा, ही मॅच शेवटच्या काळ्यावरची आहे. भावोजींचा नियम लंडनहून आलेल्या सभासदानं दिलेला नाही, निदान त्याच्या एकट्याचा नाही. तो त्यांच्या बोटांत होता. इथं माझी तलवार म्यान झाली. पण माझा मुद्दा वेगळ्याच बाजूनं जिवंत झाला, आणि तो मी सुरुवातीला धरला होता त्याच्या अगदी उलट निघाला.

आयुष्याची मॅच विचारली तर भावोजी १९८५ सांगतात, न पाहिलेली. ती सांगताना ते कुठं होते, घरात काय चाललं होतं, याचा त्या मॅचशी काही संबंध लागत नाही. तिचं साल पुस्तकातलं. अर्ध्या इस्त्रीची मॅच त्यांनी इतकी वर्षं कुणाला सांगितली नाही, कारण तिला कुणी बोलावलं नाही. आयुष्याच्या प्रश्नात एकच जागा असते, आणि ती एप्रिल १९८५ पासून भरलेली आहे. दरवर्षी विचारा, दरवर्षी तेच उत्तर. असल्या प्रश्नाचा उपयोग काय? यंदाची मॅच विचारणारा मात्र दर डिसेंबरला ती खुर्ची रिकामी करून देतो. टेलर आणि डेव्हिसला म्हणतो, तुम्ही बाहेर बसा, यंदा तुम्ही खेळला नाहीत. मग ज्यांना आयुष्याच्या यादीत कधीच जागा मिळणार नाही अशा मॅचना आत येता येतं. दोनशे माणसांपुढं झालेली मॅच, पहिल्या फेरीत कुणा अनोळखी पोरानं काढलेला एक ब्रेक, अर्धं ओलं टेबल. हिशेबनिसाची हद्द म्हणून मी जिला नावं ठेवत होतो ती हद्द नसेल तर बड्या मॅच लहानांना उभंच राहू देणार नाहीत.

यावर एक आक्षेप आहे आणि तो खरा आहे. दरवर्षी कुणाला तरी पहिलं आणायचं म्हटलं की सुमार वर्षातही काहीतरी महान ठरतं. समालोचक तर दर पंधरा दिवसांनी शतकातली मॅच बघतात. पण हा दोष यादीला पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक देण्याचा आहे, वर्षाचा नाही. भाच्यानं मला सर्वांत चांगली मॅच विचारलीच नव्हती. आवडती विचारली होती. ‘आयुष्याची’ म्हटलं की माणूस न्यायाधीश होतो, ‘यंदाची’ म्हटलं की त्याला आपण कुठं बसलो होतो ते आठवावं लागतं. माझ्या लाडक्या भेदाची धारही इथं थोडी गेली. जी मॅच मी ‘ठेवलेली’ म्हणून बाजूला सारतो ती त्या लंडनहून आलेल्या सभासदाच्या लक्षात राहिलेलीच होती. त्यानं ती टेबलावर मांडली आणि भावोजींनी ठेवून घेतली. तसं प्रत्येक ठेवलेल्या मॅचच्या मागं कुठंतरी एक राहिलेली असणार. ठेवणाऱ्यांना मी उगाच हसत होतो असं नाही, पण आता जरा कमी हसेन.

माझी यंदाची मॅच २६ ऑक्टोबरची, बेलफास्टची. दिवाळी उरकली होती, भात कापून पडलं होतं आणि अवकाळी पावसानं गाठलं होतं. भारे जेवढे आत आणता आले तेवढे आणले, बाकीच्यांवर ताडपत्री. रात्री पुन्हा येतो की काय म्हणून मी ओटीवरच होतो, झोप नव्हतीच. त्याच दिवशी ब्रिटनची घड्याळं तासभर मागं गेलेली, म्हणून एरवी आपल्याकडं साडेअकराला सुरू होणारा खेळ साडेबाराला सुरू झाला. नॉर्दर्न आयर्लंड ओपनचा अंतिम सामना, जॅक लिसोव्स्की आणि जड ट्रम्प. दोघं पोरवयापासूनचे दोस्त, एके काळी एकाच घरात राहिलेले. लिसोव्स्कीकडं तोवर रँकिंग विजेतेपद एकही नव्हतं. अंतिम फेऱ्या अनेक हरलेला, त्यातल्या तीन याच दोस्ताकडून, २०२०-२१ च्या एकाच हंगामात. त्या रात्री तो ९-८ नं जिंकला.

मला त्यातला एकही ब्रेक आकड्यानं सांगता यायचा नाही. मी सारखा खुर्चीकडं बघत होतो, पाळीपाळीनं दोघांच्या. ट्रम्पला हरायचं नव्हतं हे उघड आहे, तो तसा खेळाडूच नाही. पण आपल्याच हातानं तीनदा मागं ढकललेला मित्र आता शेवटच्या फ्रेममध्ये टेबलाभोवती फिरतोय आणि आपण बसलोय, तेव्हा माणसाच्या मनात नक्की काय चालत असेल? मित्राचा बॉल चुकावा असं वाटत असेल, आणि तसं वाटल्याची लाजही वाटत असेल का? हे मला अजून सुटलेलं नाही, आणि माझ्या आवडीचं कारण तेच आहे. तो पाऊस नसता तर मी ही मॅच पाहिलीच नसती. सकाळी उठून निकाल वाचला असता आणि म्हणालो असतो, बरं झालं.

भावोजींनी हे सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "शेवटच्या फ्रेमवर गेली ना? मग मॅच." म्हणजे त्यांनी माझी निवड मान्य केली, पण त्यांच्या कारणासाठी. दोन तासांच्या भांडणात माझ्या पदरात पडलं ते एवढं.

मात्र ‘यंदा’ मान्य करायला ते तयार झाल्यावर नवा पेच निघाला. यंदा म्हणजे कधीपासून? जानेवारी-डिसेंबर त्यांना नको, ते साहेबाचं. हंगामाचं वर्ष भाच्याला हवं. भावोजी म्हणाले, म्हशाची जत्रा ते म्हशाची जत्रा. मुरबाड तालुक्यातली म्हशाची यात्रा पौष पौर्णिमेला भरते, इथली माणसं बैल आणि घोंगड्या त्याच हिशेबानं घेतात, मग मॅचनंच काय घोडं मारलंय? भाच्यानं लगेच मोबाइलवर तारखा काढल्या. २०२५ ची पौर्णिमा १३ जानेवारीला होती, तेव्हा लंडनची मास्टर्स नुकतीच सुरू झालेली, म्हणजे स्पर्धा एका वर्षात सुरू आणि दुसऱ्यात संपली. २०२६ ची ३ जानेवारीला. आणि २०२७ ची थेट २२ जानेवारीला, कारण मध्ये ज्येष्ठ अधिक आहे. मास्टर्स दरवर्षी जानेवारीच्या मध्यावर येते, तेव्हा ३ जानेवारीपासून पुढच्या २२ जानेवारीपर्यंतच्या एकाच वर्षात दोन मास्टर्स बसणार.

भावोजींनी बोटांवर हिशेब करून पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला. ते या घरचे जावई. अधिक महिना आला की त्यांना तेहेतीस अनारशांचं वाण द्यावं लागतं, ते आम्ही नाही विसरत आणि ते आम्हाला विसरू देत नाहीत. "म्हणजे पुढच्या वर्षी अनारसेही आणि दोन मास्टर्सही," ते म्हणाले. ताई आतून म्हणाली, आधी पीठ कोण भिजवणार ते ठरवा. मी म्हटलं, त्याआधी हे ठरवा, मास्टर्स दोन असतील तर आवडत्या मॅचही दोन निवडायच्या का? भाच्याचं म्हणणं एकच. भावोजींचं म्हणणं, अधिकातली मोजायची नाही. पण मास्टर्स अधिकात येतच नाही, ती जानेवारीत येते, हे मी त्यांना अजून समजावतो आहे.